गॅस कटिंग : डीए की एलपीजी?

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कटिंगसाठी आणि जॉब तापवण्यासाठी गेली अनेक वर्षे एलपीजी वापरतो. डीएची, म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनची, एकच बाटली ब्रेझिंगसाठी, म्हणजे पितळेसारखा धातू वितळवून जोड भरण्यासाठी, आणि पातळ नळ्यांच्या वेल्डिंगसाठी ठेवलेली असते. डीएवर हात बसलेला नवा कटर आमच्याकडे आला, की पहिल्या आठवड्यात त्याची तक्रार ठरलेली असते : एलपीजीला धार नाही. ही तक्रार मी कधीही हसण्यावारी नेलेली नाही, कारण तिच्यात निम्मे तथ्य आहे.

ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीनची ज्योत ३,१०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर एलपीजीतील प्रोपेनची ज्योत साधारण २,८०० अंशांवर थांबते. त्यामुळे प्लेटच्या कडेला पहिला लाल ठिपका यायला एलपीजीवर जास्त वेळ लागतो, आणि प्लेटच्या मध्यावर भोक पाडून कट सुरू करायचा असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. मात्र पोलाद ज्योतीने वितळवून कापले जात नाही. पृष्ठभाग साधारण ९०० अंशांपर्यंत तापल्यावर टॉर्चवरची ऑक्सिजनची लिव्हर दाबली, की ऑक्सिजनच्या झोतात लोखंड स्वतःच जळू लागते आणि त्या जळण्याची उष्णता कट पुढे नेते. म्हणजे कापणारी धार ऑक्सिजनची असते. कट एकदा लागल्यावर वेग ठरतो तो टॉर्चच्या टोकावरच्या नोझलच्या भोकाच्या स्वच्छतेवर आणि ऑक्सिजनच्या शुद्धतेवर; शुद्धता ९९.५ टक्क्यांवरून एक टक्क्याने जरी घसरली, तरी वेग जवळजवळ पाव हिश्शाने घटतो.

उरलेली निम्मी तक्रार हाताच्या सवयीची असते. डीएच्या ज्योतीतली बहुतेक धग आतल्या लहान निळ्या शंकूच्या टोकाशी एकवटलेली असल्याने कारागीर नोझल प्लेटच्या अगदी जवळ धरतो. एलपीजीवर नोझल तितकेच जवळ धरले, तर प्लेट तापतच नाही. ते किंचित वर उचलावे लागते. नोझलही वेगळे असते : डीएचे एकसंध आणि टोकाला सपाट, एलपीजीचे दोन भागांचे, आतला भाग थोडा मागे सरकलेला. डीएच्या नोझलवर एलपीजी लावून 'हा गॅस कुचकामी' असा निर्णय देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दोष गॅसचा नसतो.

जॉब तापवण्याच्या कामात मात्र एलपीजीचे पारडे स्पष्टपणे जड आहे. एक घनमीटर ॲसिटिलीनमधून एकूण सुमारे ५५ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर प्रोपेनमधून सुमारे ९५. आणि प्रोपेनची बहुतेक उष्णता बाहेरच्या पसरट ज्योतीत असते. एका साखर कारखान्यात ऑफ-सीझनच्या दुरुस्तीत शाफ्टवर घट्ट बसलेले कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, काढायचे होते. डीएच्या टॉर्चने त्याच्या हबवर, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागावर, एकाच जागी लाल डाग पडला, बाकीचा हब कोमटच राहिला आणि तो ओढून काढणारा पुलर जागचा हलेना. हब पूर्ण निवू दिल्यावर अनेक भोकांचे हीटिंग नोझल एलपीजीवर लावले, दोघांनी समोरासमोरून ते हबभोवती सतत फिरवत ठेवले आणि शाफ्टला धग लागण्यापूर्वी पुलर आवळला, कपलिंग सरकले. हिशेब साधा आहे : १५० मिलिमीटर भोकाचा हब सगळीकडून सारखा १५० अंशांनी तापला, तर भोक सुमारे पाव मिलिमीटरने फुलते, आणि घट्ट बसवलेला जोड सुटायला एवढे बहुधा पुरते.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. ॲसिटिलीनच्या ज्योतीला बाटलीतून जवळपास ॲसिटिलीनइतकाच ऑक्सिजन लागतो, प्रोपेनच्या ज्योतीला प्रोपेनच्या सुमारे चौपट. त्यामुळे दोन गॅसच्या बाटल्यांचे भाव शेजारी ठेवून तुलना पूर्ण होत नाही. ऑक्सिजनच्या बाटल्याही मोजाव्या लागतात. जाड प्लेटच्या लांब कटांत आमच्याकडे तरीही एलपीजी स्वस्त पडतो, किरकोळ तुकड्यांच्या कामात तो फायदा पुष्कळसा आटतो. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस जिथे मिळतो तिथे कटिंगला चालतो, पण तो एलपीजीपेक्षाही सावकाश तापवतो. पोलादाच्या वेल्डिंगला मात्र यांपैकी कोणताही गॅस ॲसिटिलीनची जागा घेऊ शकत नाही.

दोन्ही गॅसचे धोके वेगवेगळे आहेत आणि ते प्रत्येक हेल्परला माहीत असलेच पाहिजेत. ॲसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेट घेते, तांब्याच्या नळीत स्फोटक संयुग तयार करते आणि साधारण एक बारपेक्षा जास्त दाबाने वापरता येत नाही. बाटली आडवी ठेवली किंवा गॅस फार वेगाने ओढला, तर ज्या ॲसिटोनमध्ये हा गॅस विरघळवलेला असतो, तेही त्याबरोबर बाहेर येते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यावर तो उडून न जाता खड्ड्यात साचतो. सलग हीटिंगमध्ये १९ किलोच्या बाटलीवर बर्फ धरतो आणि गॅसचा दाब कमी होतो. अशा वेळी त्याच बाटलीवर टॉर्च फिरवणारा माणूस मी एकदा स्वतः धावत जाऊन थांबवला आहे. तिथे मॅनिफोल्डवर, म्हणजे अनेक बाटल्या एकत्र जोडणाऱ्या पाइपवर, आणखी बाटल्या जोडणे हाच उपाय आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे हीटिंगच्या कामाला किमान दोन बाटल्या एकत्र जोडतो, आणि कारखान्यात उसाच्या गिरणीच्या खालच्या खड्ड्यात काम असेल, तर जेवणाच्या सुट्टीत टॉर्चचे व्हॉल्व बंद करण्यावर न थांबता टॉर्च होजसकट वर आणतो आणि बाटलीचा व्हॉल्वही बंद करतो.