व्हिएतनामची कॉफी

आजचा सगळा दिवस व्हिएतनामच्या कॉफीबद्दल वाचण्यात गेला. अजून डोक्यातून जात नाहीये.

1986 साली तिथे ‘दोई मोई’ म्हणजे बाजार खुला करणाऱ्या आर्थिक सुधारणा सुरू झाल्या. सामूहिक शेती मोडत गेली, जमीन कसायचा हक्क कुटुंबांकडे आला (मालकी आजही सरकारचीच), आणि 1993 च्या कायद्याने तो हक्क विकता, गहाण ठेवता येऊ लागला. काय लावायचं ते शेतकरी स्वतः ठरवू लागला. त्यातच 1994 मध्ये ब्राझीलच्या कॉफीबागा कडाक्याच्या थंडीने करपल्या आणि जगभर भाव भडकले. मग काय, व्हिएतनामच्या मध्य भागातल्या डाक लाकच्या पठारावर माणसांचे लोंढेच्या लोंढे आले. जंगल तोडून रोबस्टा जातीची कॉफी लागली. दशक संपता संपता कोलंबियाला मागे टाकून व्हिएतनाम कॉफी उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकावर!

पण कॉफीचं झाड फळायला साधारण तीन वर्षं घेतं. चढ्या भावाच्या आशेने सगळ्यांनी एकदमच लावलेली झाडं एकदमच फळली, आणि 2001 च्या सुमारास भाव कोसळले. खतासाठी काढलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं.

यातून खूप घरं गरिबीतून वर आली, हे मी मनापासून मानतो. तरीही एडे आणि जराय या तिथल्या मूळच्या लोकांच्या हातून गेलेल्या जमिनी आणि उन्हाळी पाण्यासाठी उपसलेलं भूजल यांचा हिशेब कोणत्याच भावात धरलेला नव्हता. मला राग येतो तो याचाच. बाजार खुला करताना जमीन-पाण्याचे नियम आधी का नाही केले?