नोटिशीचं उत्तर

डिसेंबर २०२४. जीएसटीच्या डीआरसी-०१, म्हणजे करमागणीच्या, नोटिशीच्या उत्तराचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे सात वाजलेले आणि मी ज्यांच्याकडे काम करते ते सर बाहेरगावी. नोटीस आलेली पार्टी म्हणजे हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक काका. कोविडमध्ये त्यांचे वडील गेले, त्या धावपळीत २०२०-२१ची शेवटची तीन रिटर्नं थेट नोव्हेंबर २०२१मध्ये भरली गेली. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, घेण्याची कलम १६(४)ची मुदत ऑक्टोबरमध्येच संपलेली. क्रेडिट परत करा, वर व्याज आणि दंड भरा, अशी नोटीस.

मी मराठी माध्यमातली. जीएसटीचं काम सात वर्षं करतेय, कायदा कळतो. पण अधिकाऱ्याला इंग्रजीत लिहायचं म्हटलं की पहिल्याच वाक्याला हात अडतो. पूर्वी असा मसुदा करायला दोन दिवस लागायचे. सरांनी तो लाल पेनाने रंगवून परत दिला की घरी जाताना डोळ्यांत पाणी यायचं. त्या संध्याकाळी दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर गाळून सगळी हकीकत चॅटजीपीटीला मराठीतच सांगितली. दोन मिनिटांत तीन पानं तयार! भाषा वकिलासारखी, शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल, पक्षकारांच्या नावांसकट.

तो निकाल शोधण्यात तास गेला. न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाही, सरांच्या पुस्तकांत नाही. असा निकालच नव्हता. आणि जे खरं कामाचं, ते मसुद्यात कुठेच नव्हतं: त्याच वर्षी आलेलं कलम १६(५). २०१७-१८ ते २०२०-२१चं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२१पर्यंत भरलेल्या रिटर्नमध्ये घेतलं असेल, तर ते चालतं. काकांची रिटर्नं पुन्हा उघडली. भरल्याची तारीख १८ नोव्हेंबर. माझा जीव भांड्यात पडला.

निकालाचा परिच्छेद उडवला. १६(५)चा मुद्दा मराठीत लिहून त्याचं इंग्रजी करून घेतलं, शब्द न् शब्द तपासला. पावणेअकराला उत्तराचा फॉर्म, डीआरसी-०६, गेला.

दुसऱ्या दिवशी खोट्या निकालाचं मी स्वतःच सरांना सांगितलं. ते भडकले. "उद्यापासून हे बंद. तो निकाल तसाच गेला असता तर?"

त्यांचं चुकत नव्हतं. तरी मी म्हटलं, "सर, एकच वाक्य चॅटजीपीटीला पाच वेळा विचारता येतं. तुम्हाला दुसऱ्यांदा विचारायलाही मला भीती वाटते."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निकाल आणि कलमं मला दाखवल्याशिवाय काही अपलोड करायचं नाही. आणि दुसऱ्यांदा विचारत जा."