पहिल्या नंबरावर आम्ही

गेल्या आठवड्यात आमचा एक कर्जदार पेढे घेऊन ऑफिसात आला. कर्ज फिटलं, काही बाकी नसल्याचा निल दाखला हातात पडला म्हणून. अर्धा पेढा मी खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला. अजून तिथेच आहे.

मी पतसंस्थेत वसुली अधिकारी. लोकांना वाटतं आम्ही दमदाटीचा पगार घेतो. खरं तर सगळा जन्म कागदात जातो. सहकार निबंधकांकडून कलम १०१चा वसुली दाखला काढा, मागणी नोटीस बजावा, मुदत संपली की जप्ती. बजावणीत एखाद्या पंचाची सही राहिली तर केलेलं सगळं पाण्यात. हे संचालकांना सांगून उपयोग नाही, त्यांना फक्त मार्चअखेरचा थकबाकीचा आकडा दिसतो.

हा माणूस नाशिकच्या सिडकोतला, उत्तमनगरच्या मागच्या गल्लीतला. अंबडला ठेकेदाराकडून सीएनसी मशीनवर. आमचे ६४ हजार थकलेले, व्याज १४ टक्के, जामीनदार त्याचा साडू. गेल्या वर्षी फेब्रुवारीत जप्तीला गेलो. सोबतच्या नव्या पोरानं आत शिरताच शिलाई मशीनकडे बोट दाखवलं, "सर, हे लिहू का?" त्यावर घरातल्या ताई पिको-फॉल करतात. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांना जप्तीतून सूट आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाच म्हटलं. पोरं वसुलीला येतात आणि कायदा रील बघून शिकतात.

त्यानं वाद घातला नाही. मुलीची शंभर पानी वही आणून पुढ्यात ठेवली. एका घेणेकऱ्याला एक पान. कोणाचा फोन किती वाजता आला, काय बोलला, त्याला किती दिले. कर्जाच्या ॲपवाल्यानं साडूला घाणेरडा मेसेज टाकला, त्याचे सगळे फेडले. भिशीवाली दारात येऊन रडली, तिचेही दिले. क्रेडिट कार्डवाले रात्री साडेनऊला फोन करतात, त्यांना किमान रक्कम. आमच्या पानावर एकच ओळ होती : 'पत्र येतं.' पैसे शून्य.

वीस वर्षं मी नोटिशीची भाषा घासूनपुसून लिहितोय!

पंचनामा बाजूला ठेवून मी खाली बसलो. उरलेले घेणेकरी दोनच, आम्ही आणि कार्डाचे ६० हजार. घरखर्च जाऊन महिन्याला ९ हजार निघत होते. मी वहीत माझ्या हातानं लिहिलं : पतसंस्था ६ हजार, कार्ड ३ हजार. "भाऊ, दाखला निघालाय, उद्या साडूच्या पगारावर जाईल." कार्ड कात्रीनं कापायला लावलं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही सांगितलं. ताईंनी चहा दिला. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

रात्री जेवताना आकडे डोक्यात फिरायला लागले. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे २१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. तीन हजारांतले मुद्दलाला जाणार ५२२! आमचं व्याज महिन्याला जेमतेम साडेसातशे. आम्हाला दीड हजार आणि कार्डाला साडेसात हजार असं लिहिलं असतं, तर सगळं मिळून दोन महिने आधी सुटला असता. साधारण १७ हजार वाचले असते. हा हिशोब मला त्याच्या दारातही येत होता. व्याज काढणं हाच तर माझा धंदा.

मॅनेजर म्हणाले, "तू वसुलीला गेला होतास, सल्ला द्यायला नाही." दीड हजारावर आमचं संचालक मंडळ गप्प बसलं नसतं, साडूला ओढलंच असतं, हेही खरं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात साडू होता की मार्च, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

पेढे ठेवून त्यानं वही उघडली. आमच्या पानावर लाल रेघ मारलेली. कार्डाच्या पानावर वर्षभरात भरलेले ३६ हजार, शिल्लक ५२ हजार.

"साहेब, हे पान आता कसं लावायचं?"

"सगळे ९ हजार तिकडेच भरा. सात महिन्यांत संपेल."

त्यानं बोटांवर महिने मोजले, पानाच्या डोक्यावर 'सात' लिहिलं आणि पेढ्यांचा बॉक्स पुन्हा माझ्याकडे सरकवला.