ते एक पाकीट

ऑपरेशन करणारे सर तसं वाईट काही बोलले नाहीत. "सिस्टर, नुसता काठ तर लागला होता," एवढंच. पण दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

हर्नियाची केस, जाळी बसवायची होती. टू-झिरो प्रोलिन म्हणजे टाके घालायचा धागा, त्याचं वरचं पाकीट दोन्ही अंगठ्यांनी सारखं सोलत, काठ बाहेर वळवत उघडायचं असतं. नव्या मुलीने घाईत ते फाडलं आणि आतलं पाकीट त्या फाटक्या काठाला घासलं. ते घ्यायला मी फोर्सेप, म्हणजे चिमटा, पुढे केलाच नाही. दुसरं मागवा म्हटलं.

दुसरं मागवायचं म्हणजे चिठ्ठी घेऊन पेशंट काकूंच्या यजमानांनी, काकांनी, पुन्हा मेडिकलला जायचं. त्यांनी तिथे सुट्या नोटा मोजून दिल्या म्हणे. वॉर्डबॉयने हे मला कशाला सांगावं?

काठ बाहेरचाच असतो. कपाटात, ट्रेमध्ये, उघड्या हातांत फिरलेला. आतला धागा कारखान्यातून निर्जंतुक होऊन येतो. पाकिटावर काट मारलेला 2 छापलेला असतो, म्हणजे एकदाच वापरायचा. त्यात प्रोलिन विरघळत नाही, जाळीबरोबर काकूंच्या पोटात कायमचा राहणार. जाळीला पू धरला तर कधीकधी अख्खी जाळी काढावी लागते. नर्सिंगला शिकवलंय, शंका आली की ते निर्जंतुक नाहीच. सरांनाही हे ठाऊक आहे. मग माझ्याकडे तसं का बघितलं?

वाया घालवणारी बाई मीच ठरले. शिव्या खायच्या त्या सिस्टरनेच. घरी तरी कुठे... जाऊ दे.

दुसरं पाकीट आलं. सुई टोकापासून दोन तृतीयांशावर होल्डरमध्ये धरली. घडीत राहून धाग्याला पीळ पडतो, तो हलक्या हाताने सरळ केला. सरांनी हात पुढे केला, मी होल्डर दिला. शेवटी सुया मोजल्या, बरोबर भरल्या.

काकूंना काही झालं नाही तर ते पाकीट बदलल्यामुळे की आपोआप, हे कुणालाच कळणार नाही. सरांना नाही, मलाही नाही. हे कामच तसं आहे, आणि उद्याही मी तसं घासलेलं पाकीट घेणार नाही. काकांचे पैसे मात्र अजून सलतात. एक जादा पाकीट ऑपरेशन थिएटरमध्येच ठेवायला इन्चार्जबाईंना सांगते. आणि मुदत संपलेली पाकिटं कपाटात पडून आहेत, त्यांच्यावर त्या मुलीकडून सोलायचा सराव करून घेते. पोरीचे हात चांगले आहेत, फक्त घाई करते.