धूर बसला की लिंक पडायची

नोकरीतल्या कितीतरी थंड्या मी मिरजेजवळच्या एका मायक्रोवेव्ह टॉवरखाली काढल्या. 6 गिगाहर्ट्झची लिंक, म्हणजे एका डिशमधून दुसरीकडं जाणारी रेडिओ लहर; समोरचा टॉवर 40 किलोमीटरवर. पावसाळ्यात फारसा त्रास नाही, उन्हाळ्यातल्या दुपारी तर सिग्नलचा काटा ढिम्म. पण मार्गशीर्ष-पौषात पहाटे तोच काटा डुलायला लागायचा आणि बघता बघता तळाला.

साहेबांचं एकच, "डिश हलली असणार. चढा वर." गारठलेली लोखंडी शिडी धरून चढायचो. नटबोल्ट सगळे जागच्या जागी. खाली उतरेपर्यंत ऊन पडलेलं आणि सिग्नल आपोआप आलेला. साहेब खूश, "बघा, आवळल्यावर आला की नाही!"

उलगडा झाला शेजारच्या गुऱ्हाळावर. चुलवाणाचा धूर टॉवरच्या निम्म्यापर्यंत चढला आणि तिथंच आडवा पसरला, छताला टेकल्यासारखा. गुळव्या काहील ढवळत म्हणाला, "आज धूर बसलाय. ऊन तापल्याबिगर न्हाई हालायचा."

रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवाही गार होते; ऊबदार हवा वर राहते. धूर त्या झाकणाखाली अडकतो. आणि आमची लहरही तिथंच फसायची. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे लहर हवेत किती मंदावते त्याचा आकडा, 1.0003 च्या आसपास, वर जाल तसा किंचित उतरणारा. त्यामुळं लहर एरवीही जमिनीकडं थोडी वाकतेच. ती सरळ धरून गणित करायचं तर पृथ्वीची त्रिज्या 6,370 ऐवजी साधारण 8,500 किलोमीटर घ्यावी लागते. पण खाली गार-दमट, वर कोरडी-ऊबदार हवा असली की वर जाताना अपवर्तनांक झपकन उतरतो. मग जी लहर वरून निघून जायची, ती वाकून सरळ आलेल्या लहरीला येऊन मिळते. लहरीची लांबी 5 सेंटीमीटर. 40 किलोमीटरच्या वाटेत अडीच सेंटीमीटरचा फरक पडला, की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात. दोघी सारख्याच जोराच्या असल्या तर हाती शून्य. नट आवळून काय होणार, कपाळ!

पुढं त्याच टॉवरवर थोडी खाली दुसरी डिश बसली. दोन्हीकडं एकाच वेळी सिग्नल पडणं क्वचितच, त्यामुळं निभावलं. तोवर माझ्या हातात फक्त लॉगबुक होतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागलो: "धूर बसला 5.50. उठला 8.20."

महिनाअखेरीस त्यावर लाल शाईत साहेबांचा प्रश्न आला: "आग कुठे लागली होती?"