मोगऱ्याने पोसलेले कॅक्टस: आमची वाटचाल

वडिलांनी उरुळी कांचनला नर्सरी काढली तेव्हा माल ठरलेला होता. गुलाब, मोगरा, जास्वंद, तुळस आणि मृगाच्या तोंडावर आंब्या-नारळाची रोपं. कॅक्टस मी आणले. “काटे कोण विकत घेणार?” असं ते म्हणाले आणि बरीच वर्षं त्यांचंच खरं ठरलं.

मोगऱ्याची फांदी पावसाळ्यात लावली की पुढच्या उन्हाळ्यात कळ्यांसकट विकता येते. ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास या कॅक्टसचं बी आठवडाभरात उगवतं आणि मग बराच काळ वाटाण्याएवढंच राहतं. फूल धरायला काही वर्षं जातात. त्यातून त्याला स्वतःचे परागकण चालत नाहीत. दोन वेगळी झाडं एकाच दुपारी फुलली पाहिजेत आणि आपण ब्रश घेऊन तिथे हजर पाहिजे. तोवर शेडनेट, प्लास्टिक, मजुरी, सगळा खर्च मोगऱ्याने आणि जास्वंदीने उचलला.

गिऱ्हाईक येतं तेच ‘काहीतरी दुर्मीळ दाखवा’ म्हणत. समोरचा गोल्डन बॅरल कॅक्टस त्याला साधा वाटतो, कारण तो प्रत्येक हॉटेलाच्या दारात असतो. पण मेक्सिकोतल्या केरेतारो भागात, म्हणजे त्याच्या मूळ गावी, तोच धोक्यात आहे. १९९० च्या दशकात झिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याची बरीच जागा गेली, उरलेल्यावर चोरट्या खोदाईचा डोळा. ॲस्टेरियासचीही तीच गत. तो सायटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून उपटलेल्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. आम्ही फक्त बियांपासून वाढवलेलं झाड विकतो. खालून तपकिरी, टणक, खरचटलेलं आणि मुळं तोडलेलं मोठं झाड कोणी स्वस्तात दाखवलं, तर आम्ही भावसुद्धा विचारत नाही.

पावसाचं मात्र नीट सांगायला हवं. कॅक्टसला पाणी नको, हा समज चुकीचा. मेक्सिकोतल्या बहुतेक जातींना उन्हाळ्यातच पाऊस मिळतो आणि तेव्हाच त्या वाढतात. आपल्याकडे त्या कुजतात, कारण जुलैत दिवसेंदिवस ऊन नसतं आणि माती सुकतच नाही. म्हणून कुंडीत मुरूम, विटांचा चुरा, थोडा कोळसा, आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अगदी नावापुरतं. जूनपासून वर प्लास्टिक, चारही बाजू उघड्या. वारा खेळला की अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट रात्रीची. कॅक्टसची हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं रात्री उघडतात, दिवसा मिटलेली असतात, म्हणून रात्रीचा गारवा त्याला मानवतो. पुण्याकडे तो मिळतो. मुंबई-कोकणातल्या उकाड्याच्या रात्री तीच रोपं रेंगाळतात, असं आमचे तिकडचे गिऱ्हाईक दरवर्षी सांगतात.

लाल-पिवळी टोपी घातलेला कॅक्टस मुलं हट्टाने घ्यायला लावतात. त्या टोपीत हरितद्रव्यच नाही. ती खालच्या हिरव्या खुंटावर जगते आणि तो खुंट बहुधा ड्रॅगनफ्रूटच्याच जवळच्या नात्यातला असतो. खुंट थकला की टोपी गेली. हे आम्ही विकतानाच सांगतो, तरी खप कमी होत नाही.

‘काटेरी झाड घरात नको, वास्तूला चालत नाही’ म्हणणारेही पुष्कळ. त्यांच्याच गॅलरीत ब्रह्मकमळ असतं. ते फुललं की रात्री शेजारीपाजारी जमतात, हळदकुंकू वाहतात. तोही कॅक्टसच आहे, मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर वाढणारा, सावली आणि दमट हवा आवडणारा. आपल्या पावसाळ्यात खुशीत राहणाऱ्या कॅक्टसांपैकी हा एक. तो आम्ही विकत नाही. मागेल त्याला पानासारखा दिसणारा त्याचा तुकडा फुकट देतो. त्या निमित्ताने माणूस कॅक्टसच्या शेडपर्यंत येतो, हा आमचा स्वार्थ.

२०२० ची टाळेबंदी सैल झाली आणि गणित फिरलं. माती झाडून, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घातलेला कॅक्टस आठवडाभर प्रवास करून टवटवीत पोचतो. मोगऱ्याला ते जमत नाही. नागपूर, नाशिक, बेळगावहून मागण्या येऊ लागल्या आणि शेड स्वतःच्या कमाईवर चालू लागली. वडील आता रोज सकाळी तिथेच असतात. हातात पाण्याचा पंप न देण्याची काळजी आम्हाला घ्यावी लागते.

आषाढ-श्रावणात कुरिअर बंद ठेवतो. ओल्या खोक्यात माल सडतो. दसऱ्यानंतर यादी पुन्हा सुरू.