तुम्ही विचारलेत म्हणून: लॅरी बर्केट, त्यांचे चुकलेले भाकीत आणि मी न केलेली सही

ज्या माणसाचे अमेरिकेतल्या आर्थिक भूकंपाचे भाकीत सपशेल खोटे ठरले, त्याच्या कॅसेटी तुम्ही अजून का जपून ठेवता, हा प्रश्न मला अटलांटातल्या मराठी मंडळींनी विचारला आहे, नगरच्या नातेवाइकांनी विचारला आहे आणि आमच्या चर्चमधल्या तरुणांनी तर आडवळणाने अनेकदा विचारला आहे. त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो, पण तो बहुधा माझ्यामागे विचारला जातो: त्या रेडिओवाल्याच्या नादी लागून यांनी सख्ख्या भावाला कर्जासाठी जामिनाची सही नाकारली, हे खरे का? दोन्हींची उत्तरे एकदाच लिहून ठेवतो, कारण तोंडी सांगू लागलो की माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

लॅरी बर्केट म्हणजे रेडिओवरून बायबलच्या आधारे पैशाच्या व्यवहाराचा सल्ला देणारे अमेरिकी गृहस्थ, हे विचारणाऱ्यांना ठाऊकच असते. मात्र ते कोणी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, असा जो समज आहे तो चुकीचा आहे. 1939 मध्ये फ्लोरिडात जन्मलेला हा माणूस आधी केप कॅनाव्हेरलला अवकाश कार्यक्रमातल्या चाचणी विभागात होता, नंतर एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत वरिष्ठ पदावर होता, आणि ख्रिस्तावरचा विश्वास त्याने 1972 मध्ये, म्हणजे तिशी उलटल्यावर, स्वीकारला. कॅम्पस क्रुसेड या विद्यार्थ्यांमध्ये धर्मप्रचार करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेत काही वर्षे काम केल्यावर 1976 मध्ये त्यांनी पैशाच्या व्यवहाराविषयी शिकवणारी स्वतःची संस्था काढली. तिचे ठाणे पुढे जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला होते, आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. शिकवण्याची त्यांची रीत मला अभियंत्याची वाटे. बायबलमध्ये पैसा, कर्ज, जामीन, मजुरी, दान यांविषयी जिथे जिथे काही आले आहे ते सगळे त्यांनी विषयवार लावून काढले होते, आणि मगच ते बोलायला बसले होते.

मी त्यांना ऐकले ते कारखान्यात जाता-येता, गाडीतल्या रेडिओवर. हजाराहून अधिक केंद्रांवरून त्यांचे कार्यक्रम लागत. लोक फोन करून आपली कर्जे सांगत: कार्डांची, गाडीची, मेहुण्याच्या धंद्यात घातलेल्या पैशांची. त्यांचे उत्तर धीम्या आवाजात येई, आणि त्यात दटावणी नसे. कर आणि दशमांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) वजा जाता हातात किती उरते, त्यातला घरावर किती जातो, गाडीवर किती, हे आधी विचारायचे आणि मग सल्ला द्यायचा, असा क्रम असे. दशमांश दिलात की देव दुपटीने परत करील, असे आश्वासन त्या काळी दूरचित्रवाणीवर अनेक जण देत होते; बर्केट यांनी ते दिलेले मी कधी ऐकले नाही. क्रेडिट कार्ड हे पाप आहे, असेही ते म्हणत नसत. अंदाजपत्रकात नसलेल्या वस्तूसाठी ते वापरू नये, महिनाअखेर पूर्ण बाकी फेडावी, आणि ज्या महिन्यात ती फेडता येणार नाही त्या महिन्यात कार्ड नष्ट करावे, इतकाच त्यांचा नियम होता. त्याच शिकवणीवरून आमच्या घरी खर्चाच्या वाटणीसाठी बँकेची लांबट पाकिटे असत, त्यांवर माझ्या पत्नीच्या अक्षरात किराणा, पेट्रोल, दवाखाना, कपडे असे लिहिलेले असे, आणि एका पाकिटावर नुसते ‘नगर’. ती परिचारिका होती, रात्रपाळी करून यायची आणि झोपण्याआधी पाकिटांत पैसे घालायची. नव्या देशात, दोन मुले पदरात असताना, आमची घडी बसली ती त्या पाकिटांमुळे बसली. हे मी कोणासमोरही सांगेन.

आता भाकिताबद्दल. 1991 मध्ये बर्केट यांनी पुस्तक लिहून अमेरिकेत आर्थिक भूकंप येऊ घातला असल्याचे बजावले. सरकारी कर्ज तेव्हा साडेतीन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले होते, त्यावरचे व्याज एक दिवस सगळे गिळून टाकील, आणि ते दशक सरण्याच्या सुमारास हे घडू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. तसे झाले नाही. उलट 1998 ते 2001 अशी सलग चार वर्षे सरकारचे अंदाजपत्रक शिलकीचे निघाले, आणि 1991 मध्ये तीन हजारांच्या आसपास असलेला अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स 2000 च्या आरंभी अकरा हजारांपलीकडे गेला. मी त्या काळात शेअर बाजाराकडे फिरकलो नाही. जे उरले ते बँकेत ठेवले आणि घराचे कर्ज फेडत राहिलो. माझ्या बरोबरीच्या लोकांची निवृत्तीची पुंजी तिप्पट-चौपट झाली आणि माझी झाली नाही. हा तोटा खरा आहे आणि तो मी लपवत नाही.

परंतु भाकीत आणि सल्ला या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. भूकंप येणार म्हणून सोने पुरा किंवा रानात जाऊन राहा, असा त्यांचा सांगावा नव्हता. कर्जातून बाहेर पडा, हाच होता. जॉर्जियात जप्त घरांचा लिलाव दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टाच्या पायऱ्यांवर पुकारला जातो. 2008 नंतरच्या वर्षांत आमच्या गल्लीतली घरे त्या पायऱ्यांवर गेली. आमच्या घरावर तेव्हा एक डॉलरचेही कर्ज नव्हते. यावरून बर्केट यांचे भाकीत उशिरा का होईना खरे ठरले, असे काही जण म्हणतात, ते मला मान्य नाही. त्यांनी धोका पाहिला होता तो सरकारच्या कर्जात, आणि 2008 चे अरिष्ट आले ते घरकर्जांतून. चुकले ते चुकले. नॅशव्हिलचे डेव्ह रॅम्झी आज याच विषयावर रेडिओवरून बोलतात. स्वतः दिवाळखोरीतून गेलेला तो माणूस बाजारात पैसे गुंतवा म्हणून ठासून सांगतो, आणि आमच्या तरुणांना तो जवळचा वाटतो. त्यांनी त्याला अवश्य ऐकावे. माझी घडी बसवणारा आवाज दुसरा होता, इतकेच.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र अधिक जागा द्यावी लागेल.

2004 साली धाकट्या भावाचे पत्र आले. नगरजवळ कोंबड्यांची मोठी शेड उभारायची होती. वडिलांच्या मागे आमचे घर आम्हा दोघांच्या नावावर होते, ते एका पतसंस्थेकडे तारण ठेवून तो कर्ज घेणार होता, आणि त्यासाठी मी मुखत्यारपत्र करून पाठवावे, शिवाय जामीनदार म्हणूनही सही करावी, असे त्याने लिहिले होते. सोबत कोरे फॉर्म होते आणि शेडचा हाताने काढलेला नकाशा होता. त्यात पाण्याच्या टाकीची जागा, पिल्लांचा कोपरा, खाद्याची खोली, ट्रक वळवायला सोडलेली मोकळी जागा, हे सगळे पट्टी धरून आखलेले होते. त्याने त्यावर बरेच दिवस घालवले असणार.

जामिनाविषयी बर्केट जितके परखड होते तितके दुसऱ्या कशाविषयीच नसतील. परतफेडीचा खात्रीचा मार्ग हाती नसताना देण्याची हमी घेणे म्हणजे जामीन, अशी त्यांची व्याख्या होती. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहिलेल्या माणसाला सांगितले आहे की पारध्याच्या हातून हरिण सुटते तसा तू स्वतःला सोडवून घे. तो भाग ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवत. पण त्यांनी एक वाटही ठेवली होती: तारण ठेवलेली वस्तू घेऊन सावकाराचे समाधान होईल आणि तो पुढे तुमच्या मागे लागणार नाही, असे लेखी असेल, तर तो जामीन नव्हे. म्हणून मी भावाला फोन करून म्हटले की पतसंस्थेकडून एवढे लिहून आण, मी लगेच सही करतो. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, नगरात असं कोण लिहून देतं? कर्ज थकलं की ते सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढतात आणि जे दिसेल त्याच्यावर बोजा चढवतात. तू तिकडचा कायदा इकडे नको लावूस. तुला सही करायची नाही, तसं सांग.”

बर्केट त्याच्या आदल्या वर्षी, 4 जुलै 2003 रोजी, गेले होते. 1995 मध्ये त्यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर असल्याचे निघाले होते, आणि त्यानंतरही ते आठ वर्षे बोलत राहिले, लिहीत राहिले. 2000 मध्ये हॉवर्ड डेटन यांच्या, त्याच विषयावर शिकवणाऱ्या क्राऊन मिनिस्ट्रीज या संस्थेत त्यांची संस्था विलीन झाली. जिवंत असते तर मी रेडिओवर फोन लावला असता आणि विचारले असते की ज्या गावात तुमची ती अट कोणीच लिहून देत नाही, त्या गावच्या भावाने काय करायचे. कॅसेटी काढून ऐकल्या. या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. सगळे फोन ओहायो, टेक्सास, अलाबामाचे होते.

पत्नीने फॉर्म वाचून झाल्यावर स्पष्ट सांगितले, “अहो, पैशाचे निर्णय नवराबायकोने मिळून घ्यावेत असं तुमचे बर्केटच सांगतात ना? मग माझं मत ऐका. सही करा. घर गेलं तर जाऊ दे, भाऊ राहील.” तिचे म्हणणे मी ऐकून घेतले आणि मानले नाही. सहीऐवजी ‘नगर’च्या पाकिटात होते ते आणि त्यात आणखी घालून धनादेश पाठवला, परत करायचा नाही असे लिहून. भावाने तो वटवला नाही.

शेड त्याने उभारली. पैसे सावकाराकडून घेतले, शेकडा तीन रुपये महिन्याने. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू सापडला, तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि नवापूरपासून इतक्या दूर असलेल्या नगरलाही कोंबडी कोणी घेईना. त्याचे पक्षी निरोगी होते. रोज खाद्य घालायचे, आणि गिऱ्हाईक नाही. स्वतः घेतलेली एकरभर जमीन त्या वर्षी विकून त्याने सावकाराचे पैसे फेडले.

ज्यांना मी बरोबर ठरावा असे वाटते ते म्हणतात की सही केली असती तर वडिलांचे घर गेले असते. ज्यांना मी चूक ठरावा असे वाटते ते म्हणतात की पतसंस्थेच्या व्याजाने तो त्या मंदीतून तरला असता, तीन रुपये शेकड्याने त्याला बुडवले. मी दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहिले आहेत. कोंबडीचा भाव किती महिन्यांनी सावरला असे धरावे, यावर उत्तर बदलते. एका बाबतीत मात्र माझे ठाम म्हणणे आहे की दोष बर्केट यांच्यावर घालू नका. त्यांनी शिकवलेल्या दोन गोष्टी त्या दिवशी माझ्यासमोर एकमेकींच्या आड आल्या, आणि त्यांतली कोणती धरायची हे मी ठरवले. 2004 सालचा मी म्हणत होता की तत्त्व माणूस बघून बदलले तर ते तत्त्व कसले. आज मी त्याला विचारतो की मग पत्नीचे ऐकण्याचे तत्त्व कोणत्या अधिकाराने बाजूला ठेवलेस? त्यावर तो म्हणतो की तिने सांगितले असते नको, तर तू ऐकलेच असतेस. यावर मला अजून बोलता आलेले नाही.

भाऊ माझ्याशी बोलतो. नाताळला फोन होतो, आजारपणात विचारपूस होते. सहीचा विषय तोही काढत नाही आणि मीही काढत नाही.

हे सगळे आत्ताच लिहायला बसण्याचे कारण असे की त्याच्या मुलीला परदेशी प्रवेश मिळाला आहे आणि शिक्षणकर्जाची रक्कम साडेसात लाखांच्या वर जाते, म्हणून बँक स्थावर तारण मागते. घर अजून आम्हा दोघांच्या नावावर आहे. या वेळी पत्र भावाचे आले नाही, पुतणीनेच फोन केला आणि म्हणाली, “मोठे काका, पप्पांना सांगू नका मी विचारलं म्हणून, पण तुम्ही सही कराल का?” तिला नोकरी कधी लागेल, किती पगाराची लागेल, हे कोणीच लिहून देऊ शकत नाही, बर्केट यांच्या व्याख्येप्रमाणे हाही जामीनच होतो. पत्नीचे मत न विचारता कळले आहे. बँकेचे कागद मागवले आहेत. ते आले की आम्ही दोघे मिळून वाचू, आणि मुलीला काय ते सांगण्याआधी मी या वेळी भावाला फोन करणार आहे.